सात जणींचा पदर

पैठण
शनिवार, २३ नोव्हेंबर १९९६

प्रिय ताहेरा,

पत्र हातात पडलं की आधी शेवटची ओळ वाचायची तुझी खोड मला चांगली माहीत आहे. आज तेवढं करू नकोस. चहा घे, सगीराला तिच्या दादीकडं दे आणि पहिल्या ओळीपासून सरळ खाली ये. मधे मी माझंच पुराण लावलंय असं वाटेल, तरी सोडू नकोस. हे पत्र पोस्टानं येणार नाही. आमचे कंडक्टरसाहेब ते उद्या औरंगाबादच्या स्टँडवर देवगावच्या गाडीवरच्या त्यांच्या दोस्ताकडं देतील आणि तो ते तुझ्या मियाँच्या, नूरभाईंच्या शिलाईच्या दुकानात पोचवील. नवरा एसटीत असल्याचा एवढा तरी फायदा बायकोला व्हायला नको का?

आधी भांडण उरकून घेते, म्हणजे मग चांगलं बोलता येईल. सहा महिने झाले, तुझं एका ओळीचं पत्र नाही. सगीराच्या वाढदिवसाला पिवळा फ्रॉक पाठवला, त्याची पोच नाही. दिवाळीला अनारशांचा डबा पाठवला, तर डबा परत आला तो रिकामा. धुतलेला, पुसलेला आणि रिकामा! तुझ्या अम्मीनं आमच्या घरचा डबा आयुष्यात कधी रिकामा पाठवला नाही; काही नसलं तर मूठभर साखर घालायच्या. त्या डब्याचं झाकण उघडून मी चुलीपुढं बराच वेळ बसून राहिले. मग रुसले. खरंच रुसले, तुझ्यापासून काय लपवू. दोन दिवस घरात भांडी एवढी आपटली की कंडक्टरसाहेब म्हणाले, तुझ्यापेक्षा गाडीतले प्रवासी बरे.

तेव्हा कुठं त्यांनी पोटातलं सांगितलं. रिकामा डबा परत देताना नूरभाई त्यांना म्हणाले होते, "भाभी को बोलना, ताहेरा माग छोड दी. खड्डा बी बुजा दी. मैं बहोत समझाया, सुनतीच नै." ज्या खड्ड्यात पाय सोडून आपण मागावर बसतो तो खड्डा तू मुरूम टाकून बुजवलास, आणि आता त्यावर कोंबड्यांचं खुराडं आहे म्हणे. कारण विचारलं तर सांगतेस डोळे दुखतात. डोळे, आणि तुझे? संध्याकाळी पाच वाजता कळकट बल्बच्या उजेडात जांभळा कुठला नि वांगी कुठला हे सांगणारी तू. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. एवढं मात्र कळलं की तू पुन्हा मागावर बसली नाहीस तर माझ्या ओळखीतला सगळ्यात चांगला हात कोंबड्यांना दाणे टाकण्यात जाणार. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, तरी लिहिते.

आता माझं पुराण. ते तुझ्याच कामाचं आहे, म्हणून सांगते. आमच्या व्यापाऱ्यानं दोन महिने रेशीमच आणून दिलं नाही. माग घरात उभा आणि मी त्याच्यासमोर भाजी निवडत बसलेली. अशात कंडक्टरसाहेबांनी एका प्रवाशानं सीटवर टाकून दिलेलं वर्तमानपत्र आणलं. त्यात छोटी जाहिरात होती: पैठणी विणकर महिला पाहिजेत, कायम नोकरी, प्रत्यक्ष भेटा. पत्ता औरंगाबादच्या पैठण गेटच्या मागच्या गल्लीतला. मी हुरळून गेले. कायम नोकरी हे दोन शब्द मी इतक्या वेळा वाचले की कागदाला घडी पडून ते फाटले. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं निघाले. आपण पैठणी शिकलो त्या केंद्राचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, लग्नातली हिरवी साडी नेसले, आणि आईला सांगितलं की मावशीची तब्येत बघायला चाललेय. नोकरी मिळाली नाही तर गल्लीत हसं नको, म्हणून.

खाली दुकान, वर कारखाना. वेरूळ-अजिंठ्याला आलेले पाहुणे रिक्षावाले तिथं आणून सोडतात, तसलं दुकान. मालकाला सगळे आप्पासाहेब म्हणतात. कपाळाला अष्टगंध, बोलणं गुळासारखं. "या ताई, हे आपलंच घर समजा. इथं नोकर-मालक असलं काय नाय, सगळे घरचेच." मी मनात म्हटलं, केवढा हा मोठेपणा! मग विचारपूस सुरू झाली. मला वाटलं होतं काठ कुठला येतो, पदर कुठला जमतो, हे विचारतील. त्यांनी विचारलं नवरा काय करतो, त्याची बदली होते का, सासू कशी आहे, मूलबाळ किती. मूल नाही म्हटल्यावर म्हणाले, "बरंय, म्हणजे रजेची कटकट नाय." ताहेरा, माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. या गोष्टीवर आजवर लोकांनी हळहळ केली, नवस सांगितले, टोमणे मारले. पण बरंय असं कुणी म्हटलं नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता. मी हसले. नोकरी पाहिजे असली की माणूस कशालाही हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पगाराचं मी धीर करून विचारलं, तर म्हणाले ते मागाहून बघू, आधी हात बघू. तीन दिवस मागावर बसायचं, पदरावर राघूंची एक ओळ विणून दाखवायची, हात पसंत पडला की नोकरी पक्की. प्रमाणपत्र त्यांनी बघितलंही नाही, टेबलाच्या खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं. "राहू द्या तीन दिवस, आमची पद्धत हाय." मला यातलं काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, काय शिस्त आहे! माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं होतं तेव्हा आम्ही मुलाच्या गल्लीतल्या दळणवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांकडं चौकशी केली होती. तो दारू पितो का, आई कशी बोलते, पहिली बायको होती का. आणि इथं मी स्वतः जन्मभर राबायला निघाले होते, तर समोरच्या चहावाल्यालासुद्धा एक शब्द विचारला नाही.

वर तीन माग होते. दोन चादर घालून झाकलेले, एक चालू. खिडक्यांना काळे कागद, ऊन लागून रेशमाचा रंग उडू नये म्हणून. चालू मागावरचा विणलेला भाग रुळावर गुंडाळून त्यावर कापड शिवून टाकलेलं. आप्पासाहेबांनी पहिलंच सांगितलं की गुंडाळलेलं उघडायचं नाही, जरीला हवा लागते. जरीला हवा लागते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तरी मान डोलावली आणि बसले. खरं सांगू, दोन महिन्यांनी हातात धोटा आला आणि मी सगळं विसरले. रेशीम चांगलं होतं, उभ्या धाग्यांचा ताणा घट्ट होता, आणि माझे राघू भराभर पायांवर उभे राहायला लागले.

रात्री मावशीकडं जेवताना मी तोंड भरून सांगत होते. वच्छलामावशी तुला आठवत असेल, गारखेड्याला राहते, हॉस्टेलच्या मुलींच्या पोळ्या करते, बोलायला फटकळ. तिनं पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "किती बाया हायेत गं तिथं?" मी म्हटलं, मी एकटीच. "मंग डबा कोणासंगं खाल्ला?" एकटीनंच. "आन् जिन्याखाली चपला किती व्हत्या?" मी आठवून बघितलं. माझ्याच होत्या. मावशी म्हणाली, "इतक्या मोठ्या दुकानात बाई टिकत नाय, तर बाईत खोट हाय का दुकानात?" आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. मला तिचा रागच आला. माझ्या वाईटावर टपलेली बाई, असंसुद्धा मनात आलं. देव मला क्षमा करो.

पण किडा डोक्यात शिरला तो शिरला. मंगळवारी मी आप्पासाहेबांना विचारलं, बाकीच्या बायका कधी येतात? म्हणाले, गावाकडं लगीन हाय, सगळ्या रजेवर. सकाळी दुकानातल्या पोऱ्याला विचारलं होतं तर तो म्हणाला होता की बाया सोमवारी येतात आणि बुधवारी जातात. मला वाटलं तो काहीतरी बरळतोय. दुपारी अडीचला लाइट गेली. काळे कागद लावलेली खोली, गडद अंधार, हात हलवायची सोय नाही. मी तशीच बसून राहिले, आणि सवयीनं हात समोरच्या रुळावर ठेवले.

आता तुला केंद्रातले मास्तर आठवतात का बघ. डोळे मिटून कापडावर बोटं फिरवायचे आणि सांगायचे, हे अमकीनं विणलं, हे तमकीनं. आपल्याला ती जादू वाटायची. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं की जादू नाही. कुणाची फणी जोरात आदळते, कुणाची हळू, कुणी काठाला धागा ओढून घेते, कुणी सैल सोडते, आणि जन्मभर ते बदलत नाही. अंधारात माझ्या बोटांना रुळाच्या काठावर तेच लागलं. चार बोटं घट्ट. मग चार बोटं सैल. मग पुन्हा घट्ट, पण वेगळं घट्ट. उठून एका खिडकीचा कागद सोलला, रुळावरच्या कापडाची शिवण उसवली, खुंटी सैल केली आणि पदर उलगडला.

सात ओळी राघू. सात ओळींना सात हात. पहिलीचे राघू पोट सुटलेले, दुसरीचे उपाशी, तिसरीनं चोची अशा आवळल्या होत्या की बिचारे बोलणार कसे. चौथीचा हात सफाईदार पण घाई फार, सहावी नवशिकी असणार, सातवीनं हिरवा संपल्यावर दुसराच हिरवा लावला होता. पाचव्या ओळीपाशी मी फार वेळ थांबले. तिचं नंतर सांगते. आणि आठवी ओळ माझी, अर्धी. त्या खोलीत नोकरी नव्हतीच, ताहेरा. कधीच नव्हती. तो माणूस जाहिरात देतो, एक बाई येते, तीन दिवसांत एक ओळ विणून देते, नापास होऊन घरी जाते, की पुढची येते. असा पुरा पदर त्यानं परीक्षेवर विणून घेतला होता. पाहुण्यांना काय कळतंय सात हातांतलं!

मला रडू आलं नाही. मी तो पदर पुन्हा गुंडाळला, शिवण होती तशी घातली, खिडकीचा कागद चिकटवला आणि लाइट आल्यावर विणत राहिले. प्रमाणपत्र त्याच्या खणात अडकलेलं, त्याशिवाय दुसरीकडं कुठं जाणार? बुधवारी सकाळपासून राघूंच्या मानेपर्यंत मन लावून विणलं. मग हात मांडीवर ठेवून बसले. ताण्यावर तीस रंगांच्या तिल्ल्या, धागा गुंडाळलेल्या बारीक कांड्या, लोंबत होत्या. ज्याला विणता येतं त्यालाच ते पुढं नेता येईल, आणि आप्पासाहेबांना दोरा सुईत ओवता येत नाही. ते आले, म्हणाले, "का थांबल्या?" मी म्हटलं, प्रमाणपत्र द्या, मग माना विणते. "ताई, इस्वास नाय का आपल्या माणसावर?" "व्हय, हाय की. पण कागद माझाय." बराच वेळ ते गोड बोलले, मग जरा कमी गोड, मग खणाची किल्ली फिरवली. प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि मी उठले. शब्द मोडला, कबूल आहे. त्यांचे आठव्या ओळीतले राघू मुंडक्याशिवाय राहिले. मी जिना उतरत होते तेव्हा वरून ओरडले, "तसाबी तुमचा हात जड हाय! आमच्या कामाचा नाय!"

हे तू ऐकायला पाहिजे म्हणून मुद्दाम लिहिते: मला सगळं माहीत होतं, सात ओळी मी डोळ्यांनी बघितल्या होत्या, तो लबाड आहे हे मला त्याच्या तोंडावर सांगता आलं असतं, तरीही ते वाक्य मला लागलं. क्रांती चौकापर्यंत मी चालत आले आणि सारखी आपल्या बोटांकडं बघत होते. खरंच जड झाला असेल का हात? केंद्रातून बाहेर पडून इतकी वर्षं झाली, वय झालं, असेल झाला. ज्या बाईनं तो पदर उलगडून बघितलाच नाही, तिनं हे वाक्य घरी नेऊन काय केलं असेल, याचा विचार करत मी मावशीकडं आले. मावशीनं पीठ लागलेले हात पुसले. ताट वाढलं, आणि मी तिच्या पाया पडले तर म्हणाली, "आता हे काय नवीन?"

तिथंच गोष्ट संपली असती. पण मावशीच्या हॉस्टेलच्या बाईंची बहीण आवडाबाई म्हणून आहे. नवरा गेल्यावर तिनं सिडकोत घराच्या वरच्या मजल्यावर चार माग घातले. मावशी म्हणाली, जाऊन तर ये. काल गेले. या वेळी आधी जिन्यापाशी उभी राहिले आणि चपला बघितल्या. सहा जोड, आणि त्यातले तीन टाचेला झिजलेले. जिना चढायच्या आधीच मला थोडं बरं वाटलं. भिंतीला डबे ओळीनं टांगलेले. कोपऱ्यात झोळी, त्यात कुणाचं तरी पोर झोपलेलं, आणि जिचं ते पोर ती बाई पायानं दोरी ओढत विणत होती. आवडाबाईनं हात बघायचा म्हणून रुमालाएवढ्या जुन्या ताण्यावर एक कमळ विणायला लावलं. तासाभराचं काम. झाल्यावर कातरीनं कापून माझ्याच हातात दिलं, म्हणाली घरी घेऊन जा.

मग मी विचारायला सुरुवात केली. ही धिटाई माझी मलाच नवीन होती. पगार किती, कितव्या तारखेला, रजा किती, या मागावर आधी कोण होतं आणि ती का गेली? आवडाबाई चिडली नाही. पगार सांगितला, तारीख सांगितली. आधीची नवऱ्यासोबत नाशिकला गेली म्हणाली, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं तिचं पत्र दाखवलं. मग जे केलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, "मी खाली जाते अर्धा तास. माझ्यासमोर या खरं बोलायच्या नाहीत. तुला काय विचारायचं ते विचार." आणि खरंच गेली. बायका हसल्या. एकीनं सांगितलं, तोंडानं लई वाईट हाय, रंग चुकला तर आईबाप काढते. दुसरी म्हणाली, पण पोर आजारी पडलं तर स्वतः घाटी हॉस्पिटलात घेऊन गेली. तिसरी म्हणाली, पगार पाचाचा सातला होतो कधीकधी, खोटं कशाला सांगू. मालकिणीचं वाईटसुद्धा ज्या घरात मोकळेपणानं सांगता येतं तिथं मला बसावंसं वाटलं. आवडाबाई वर आली तेव्हा म्हणाली की तिला एकटी बाई नको आहे. तिनं रुंद माग घातलाय, बांगडी मोराच्या मोठ्या पदराचं काम आलंय आणि त्याला शेजारी शेजारी बसणारी जोडी पाहिजे. दोनदा जोडी बसवून बघितली, पण दोघींची कोपरं एकमेकींना लागतात, हात जुळत नाहीत, आणि आठवड्यात भांडण. मी विचार न करता बोलून गेले, की माझी जोडीदारीण आहे.

आता पाचवी ओळ. त्या राघूंना हात लावायच्या आधीच मला कळलं होतं, तरी मी लावला. एका रंगाचा धागा शेजारच्या रंगात अडकवताना आपल्या सगळ्यांची आढी एका अंगाला पडते. त्या ओळीत ती प्रत्येक राघूला उलट्या अंगाला होती. डाव्या हाताची. आणि धागा संपला तिथं त्याचं टोक दोनदा मुरडून मागं दडवलेलं, तुझे नाना नवाबपुऱ्यात हिमरूच्या मागावर करायचे तसं, ज्यापायी मास्तर तुला रेशमाची नासाडी म्हणून ओरडायचे आणि तू तरी सोडलं नाहीस. ती ओळ तुझी आहे, ताहेरा. तू त्या खोलीत तीन दिवस बसलीस, एकटीनं डबा खाल्लास, आणि बुधवारी तुलाही त्यानं हात जड आहे असं सांगितलं असणार. तू मला न सांगता का गेलीस हे मी विचारणार नाही, मीही आईला खोटं सांगूनच गेले होते. तू गप्प का झालीस ते आता कळलं, आणि रिकाम्या डब्यावर मी रुसले त्याची मला लाज वाटते. पण माझं ऐक. सातही जणींमध्ये तुझी ओळ सगळ्यात सुंदर आहे. मी सहा ओळी पुन्हा पुन्हा बघितल्या आणि दर वेळी तुझ्याच ओळीवर आले. तू नापास झाली नाहीस. तिथं कुणीच पास होणार नव्हतं. आज सकाळी मी केंद्रात जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं, त्यांनी सगळ्या पोरींना उभं करून ते ऐकवलं, म्हणजे पैठणमधून तरी नववी ओळ कुणी विणायला जाणार नाही. बाकीच्या सहा जणी कोण ते मला माहीत नाही, त्यांना मी पत्र पाठवू शकत नाही. तुला पाठवता येतं, म्हणून हे लिहिलं. आवडाबाईला मी सांगून बसलेय की माझी जोडीदारीण डावखुरी आहे आणि दोन वर्षं एका मागावर बसून आमची कोपरं एकदाही लागली नाहीत. ती म्हणाली, घेऊन ये तिला, मला तिचा हात बघायचाय आणि तिनं माझं घर बघावं. सोमवारी, दोन डिसेंबरला, सकाळी नऊ वाजता मी औरंगाबादच्या स्टँडवर देवगावची गाडी लागते तिथं उभी असेन. सगीराला घेऊन ये, झोळी आहे. तिथं बसल्यावर तुला पटलं नाही तर आपण दोघी उठून येऊ, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त या वेळी एकटी जाऊ नकोस, मला बरोबर ने.

तुझ्या उजव्या बाजूची जागा अजून सोडायला तयार नसलेली,
तुझीच
आशा